वाटी, चाळणी आणि कान

स्वयंपाकघरातून एक स्टीलची वाटी आणा आणि कानावर उपडी धरा. लगेच घूंऽऽ असा एक आवाज सुरू होतो. लहानपणी जळगावात आम्ही भावंडं त्याला समुद्र म्हणायचो. खरा समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, पण वाटीतला सगळ्यांनी ऐकला होता. आता वाटी खाली ठेवा आणि त्याच कानावर पिठाची चाळणी धरा. काहीच होत नाही. पंखा पंख्यासारखा ऐकू येतो, गल्लीतला भाजीवाला भाजीवाल्यासारखा.

वाटीत समुद्र कुठून येतो? तो आपल्याच खोलीतला असतो. खोली कितीही शांत असली तरी तिच्यात बारीकसारीक आवाज भरलेले असतात. वाटीत कोंडलेली हवा त्यातले तिच्या आकारमानाला जुळणारे ठरावीक सूर तेवढे उचलून धरते, बाकीचे सोडून देते. वाटी बदला, समुद्र बदलतो. पेल्याचा वेगळा, तांब्याचा वेगळा. चाळणीत मात्र हवा कोंडलीच जात नाही, त्यामुळे ती स्वतःचा सूर कशात मिसळत नाही.

हेडफोनची दोन मोठी घराणी आहेत म्हणा ना, एक वाटीचं आणि एक चाळणीचं. बाजारात दिसणारे बहुतेक हेडफोन वाटीचे. मी गेल्या उन्हाळ्यापासून चाळणीच्या घराण्यात रमलो आहे. त्यांना ओपन-बॅक म्हणतात, म्हणजे उघड्या पाठीचे. कानावरच्या कपाची बाहेरची बाजू प्लास्टिकने बंद नसते, तिथे जाळी असते. आतला पडदा जवळजवळ उघडाच.

हे करायचं कारण मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खरोखर थक्क झालो होतो. हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो आणि तो पुढे-मागे थरथरतो. पुढे सरकला की कानाकडची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी पडद्याच्या पाठीमागची हवा विरळ होते! म्हणजे तुम्ही ऐकता त्या प्रत्येक सुराची एक तंतोतंत उलटी सावली त्याच वेळी मागच्या बाजूला जन्माला येते. गाणं एकच, पण हेडफोन ते दोनदा गातो, एकदा तुमच्या कानात आणि एकदा पाठीमागे, उलटं. या पाठच्या गाण्याचं काय करायचं, हाच हेडफोन बनवणाऱ्यापुढचा प्रश्न. वाटीवाला ते कोंडतो. ते कपाच्या भिंतीवर आपटतं, थोडं उशिरा परत येतं आणि पातळ पडद्यातून कानात झिरपतं. चांगला कारागीर आत कापूस, लोकर, फोम भरून त्याला बराचसा गप्प करतो. चाळणीवाला त्याला जाळीतून बाहेर सोडून देतो.

हा फरक ऐकायला हेडफोनच हवा असं नाही. डफ आणि डग्गा शेजारी ठेवून वाजवून पाहा. डफाची पाठ उघडी. थाप पडली की आवाज दोन्हीकडे सुटतो, कोरडा, खणखणीत, आला आणि गेला. डग्ग्याच्या पोटात हवा कोंडलेली, म्हणून ती घुमते, आणि तळहात सरकवून तिला बोलतं करता येतं. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. डग्ग्याला डफ करायला कुणी जात नाही. फक्त गवयाच्या आवाजाभोवती डग्ग्याचं पोट बांधलं, तर तो घुमारा गवयाचा की पोटाचा, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

जळगावकरांना हे आणखी एका तऱ्हेने कळू शकतं. आमच्या गावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस लहानपणी जळगावात राहिले होते आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले, त्या नात्याने हे नाव. बंद सभागृहात गाणं ऐकलेला माणूस खुल्या नाट्यगृहात बसला की पहिली पाच मिनिटं त्याला काहीतरी कमी वाटतं. छप्पर नाही, त्यामुळे सूर परत येत नाही. तानपुऱ्याचा गुंजारव भोवती साचत नाही. पण मग हळूहळू कान सरावतात आणि लक्षात येतं की गायकाचा श्वास ऐकू येतोय, दोन सुरांमधली रिकामी जागा ऐकू येतेय. सोबत रस्त्यावरची रिक्षाही ऐकू येतेय, हेही खरं. उघड्या पाठीच्या हेडफोनचे सगळे गुण आणि सगळे दोष त्या एका बैठकीत सापडतात.

जगात ही कल्पना दुकानात पहिल्यांदा आली १९६८ साली. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ नावाचा हेडफोन काढला. त्याआधीचे हेडफोन म्हणजे जड, कान घट्ट बंद करणारे डबे. हा हलका, त्याला पिवळ्याधमक फोमच्या गाद्या, आणि पाठ उघडी. असे एक कोटीहून अधिक हेडफोन विकले गेले. बाहेरचे आवाज अडवत नाही आणि आतले बाहेर सांडतो, तरीही लोकांनी तो डोक्यावर घेतला. लोकांना नुसतं गाणं नको होतं, गाण्याभोवतीची मोकळी हवाही हवी होती, असं मला त्यावरून वाटतं.

आता धुळ्याची गोष्ट. जळगावहून एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटरवर धुळं. तिथे माझा आतेभाऊ राहतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याला आणि मला हे वेड एकाच वेळी लागलं. मे महिन्यात मी दोन हेडफोन पिशवीत घालून एसटीने त्याच्याकडे गेलो. एक त्याच्याकडे होता. तिन्ही उघड्या पाठीचे, तिन्ही वेगळ्या स्वभावाचे. माझा सेनहायझर एचडी ६००, १९९७ पासून बाजारात असलेला, म्हणजे हेडफोनच्या दुनियेत जुनं खोड. दुसरा बायरडायनॅमिकचा डीटी ९९०. दादाचा हायफायमॅन सुंदरा. हे शेवटचं नाव ऐकून आत्या म्हणाली, हे तर लावणीतलं नाव!

पहिल्या दोघांत पडद्याला मागे तारेची वेटोळी चिकटवलेली असते आणि ती चुंबकात हलते. लाउडस्पीकरची छोटी आवृत्तीच. सुंदरात वेटोळी नाही. पडदा अगदी पातळ, त्याच्यावरच तारेची सपाट नक्षी, आणि शेजारी चुंबकांच्या पट्ट्या. पहिल्या प्रकारात पडदा एका जागी ढकलला जातो, दुसऱ्यात तो सगळाच्या सगळा एकदम हलतो.

ऐकायला तीन गोष्टी निवडल्या. बालगंधर्वांची जुनी तबकडी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, आता फोनमध्ये उतरवलेली. लग्नसराईत इथे गल्लोगल्ली वाजणारं एक अहिराणी गाणं, भरपूर ठोक्याचं. आणि मी स्वतः साक्रीच्या पश्चिमेला डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ध्वनिमुद्रित केलेली पावरी. वाळलेल्या भोपळ्यातून निघणारा तो अखंड, किंचित ओरखडणारा सूर ज्याने रात्री डोंगरात ऐकला आहे त्याला मी त्याबद्दल काय सांगावं!

पहिली फेरी आम्ही सरळ फोनला जोडून घेतली, आणि ती पूर्ण फसली. माझा एचडी ६०० सगळ्यांना मिळमिळीत वाटला. दादा, त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा, आत्या, तिघांनीही तो बाजूला ठेवला. मी एवढा प्रवास करून आणलेला! रात्री झोप लागेना तेव्हा चूक लक्षात आली. त्याची तार ३०० ओहमची. फोनमधून निघणारी इवलीशी ताकद तिला पुरत नाही, म्हणून तो हळू वाजत होता. आणि आपल्या कानाची एक खोड आहे, दोन आवाजांतला जरा मोठा तो त्याला 'चांगला' वाटतो. मोठा वाटत नाही, चांगला वाटतो! फरक एक-दोन डेसिबलचा असला तर आवाज मोठा आहे हे कळतही नाही, नुसता जास्त जिवंत वाटतो.

याच्याखाली आणखी एक थर आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान केला की सगळे सूर सारखे लहान होत नाहीत. खर्ज सगळ्यात आधी नाहीसा होतो. म्हणून एखादं गाणं हळू लावलं की पातळ लागतं, मोठं केलं की भरतं. गाणं तेच, पण कान सूर-सुराला वेगळा न्याय देतो. हळू वाजणाऱ्या हेडफोनला आम्ही खर्ज नाही म्हणत होतो, आणि तो खर्ज आमच्याच कानात हरवत होता.

दुसऱ्या दिवशी मध्ये छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावला. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात फोनचा माइक बसवला आणि तिन्ही हेडफोन एकेक करून त्यावर ठेवून आवाज जमेल तेवढा सारखा केला. प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे, पण कालच्यापेक्षा प्रामाणिक. मग निकाल उलटेपालटे झाले.

बालगंधर्वांना एचडी ६०० सारखा आसरा दुसऱ्या कुणी दिला नाही. त्या हेडफोनची सगळी माया मधल्या पट्टीवर, जिथे माणसाचा गळा राहतो. अगदी खालचा खर्ज त्याला झेपत नाही, पण जुन्या तबकडीत तो मुळातच नाही, मग उणीव जाणवणार कशी? सुईची खरखर बाजूला बसते आणि मधोमध आवाज उभा राहतो. माइक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी तयार झालेला तो गळा, पण त्यात कुठेही ओरडणं नाही. डीटी ९९० वर तीच तबकडी लावली तर खरखर पुढे येऊन बसली. त्याचा वरचा भाग चढा आहे. शब्दातले स, च, श चमकतात, मंजिऱ्या चमकतात, आणि सुईसुद्धा चमकते. लग्नाचं गाणं मात्र त्याच्यावर अंगणात आल्यासारखं झालं. पावरीला न्याय दिला सुंदराने. खालचा सूर सरळ, न फुगता, आणि वर फुंकरीची कड इतकी स्पष्ट की वादकाने श्वास कुठे उचलला ते बोटाने दाखवता यावं.

दादाच्या मुलाला तिन्ही आवडले नाहीत. 'काका, ढोल छातीत वाजत नाही,' असं तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. इथे चाळणीची खरी मर्यादा आहे. सेकंदाला पन्नास कंपनांच्या सुराची हवेतली एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेला हेडफोनचा कप म्हणजे वाटेतला खडाही नाही. पुढची दाबलेली हवा आणि मागची विरळ हवा कडेकडेने एकमेकींना गाठतात, एक दुसरीला पुसून टाकते, आणि खर्ज ऐकू येण्याआधीच संपतो. वरच्या सुरांच्या लाटा बोटभर लांबीच्या, त्यांना ही वाट सहजी सापडत नाही. कानाभोवतीच्या गादीत फट राहिली तरी पहिला बळी खर्जाचाच जातो. चष्म्याची काडी मध्ये आली की पुरे. आत्याचा चष्मा काढून ऐकवलं तेव्हा तिला ढोल नव्याने सापडला. ज्याला छातीत वाजणारा ढोल हवा त्याने वाटीचा हेडफोन घ्यावा, आणि त्यात कमीपणा मानू नये असं माझं ठाम मत आहे. फक्त आवाजाच्या चकतीवर हात आवरता ठेवावा. गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही.

आत्याची निवड मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. ती सत्तरीत. तिने तिन्ही लावून पाहिले, डीटी ९९० पुन्हा मागितला आणि म्हणाली, 'हाई बरं शे. कानले मोकळं वाटस.' ज्या चमकीने माझे कान दोन गाण्यांत शिणतात, ती तिला मोकळी वाटली. वय वाढतं तसे वरचे सूर आधी मावळतात. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिच्या दारापाशीच्या पेशी उंच सुरांच्या, आणि त्याच आधी झिजतात. शब्दांतले स, त, क अर्धेमुर्धे ऐकू येऊ लागतात. चढ्या हेडफोनने आत्याला ते परत दिले. माझ्या कानाला जे जास्त, ते तिच्या कानाला पुरेसं. मग त्या हेडफोनचा 'खरा' आवाज कोणता?

कान ही नुसती भोकं नाहीत, इथूनच मला खरी भूल पडली. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती आपला सूर काढते, तशीच ही नळीही सेकंदाला तीनेक हजार कंपनांच्या आसपासचे सूर आपोआप फुगवते. प्रत्येकाच्या डोक्याला दोन बाटल्या आहेत, आणि कुणाच्याही दोन सारख्या नाहीत! त्यात बाहेरच्या पाळीच्या घड्या. वरून आलेला आवाज, मागून आलेला आवाज या घड्यांवर वेगवेगळा वळतो, आणि मेंदू त्या बारीक बदलावरून दिशा ओळखतो. उघड्या पाठीचे मोठे हेडफोन कानाची पाळी न दाबता तिच्याभोवती बसतात, तेव्हा या घड्या थोड्याफार कामाला येतात. तुमची पाळी तुमची आहे, म्हणून तोच हेडफोन तुमच्या डोक्यावर थोडा वेगळा हेडफोन होतो. ही आवडनिवडीची गोष्ट व्हायच्या आधीच शरीराची गोष्ट आहे.

१९९८ साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांच्या पाळीत साचा बसवून तिचा आकार बदलला. लगेच त्यांना आवाज वरून येतो की खालून हे कळेनासं झालं. साचे तसेच ठेवून ती माणसं आपापल्या कामाला लागली, आणि काही आठवड्यांत नवे कान त्यांना वळणी पडले. दिशा पुन्हा कळू लागल्या. मग साचे काढले. वाटलं असतं आता जुन्या कानांशी ती पुन्हा चाचपडतील, पण नाही, जुने कान तिथेच वाट पाहत होते. मेंदूने दोन्ही नकाशे जपून ठेवले होते.

हेडफोनचे शौकीन म्हणतात की नवा हेडफोन शंभर तास वाजवला की 'मोकळा होतो'. त्यात गाद्या डोक्याच्या घडणीला बसतात हे आहेच. पण मला वाटतं हेडफोनपेक्षा जास्त आपण मोकळे होतो. खुल्या नाट्यगृहातली पहिली पाच मिनिटं आठवा.

आमचा धुळ्यातला प्रयोग किती कच्चा होता हे मला ठाऊक आहे. डोळ्यांवर उपरणं बांधलं तरी गादी मखमली की कातडी, वजन किती, यावरून कोणता हेडफोन हे कळतंच. आणि कळलं की ऐकणं बदलतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली लाउडस्पीकरवर हेच दाखवलं होतं. समोर काय वाजतंय हे दिसत असताना लोक जे गुण देतात ते पडद्याआड तसेच राहत नाहीत. हेडफोनला पडदा कसा लावायचा? ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर फार देखणी युक्ती काढली. एकच हेडफोन सगळ्यांच्या डोक्यावर ठेवायचा, आणि संगणकातून त्याचा आवाज बदलत बदलत त्याला कधी या हेडफोनसारखं, कधी त्या हेडफोनसारखं बोलायला लावायचं. स्पर्श एक, आवाज अनेक. असं बरंच ऐकवल्यावर २०१९ साली त्यांनी ऐकणाऱ्यांचे तीन गट मांडले. ६४ टक्के लोकांना चांगल्या खोलीतल्या चांगल्या लाउडस्पीकरसारखा, जरा भरीव खर्जाचा आवाज आवडला. १५ टक्क्यांना त्याहून जास्त खर्ज हवा होता, २१ टक्क्यांना कमी.

हे आकडे वाचले आणि मला आमची ओसरी दिसली. कॉलेजातला मुलगा त्या पंधरांतला. मी एकवीसांतला, त्यात शंका नाही. दादा मधल्या मोठ्या गटातला, म्हणून त्याचं आणि सुंदराचं जमलं. यात चुकीचं ऐकणारं कुणीही नव्हतं. आम्ही मात्र आधीचे कितीतरी दिवस फोनवर एकमेकांना चूक ठरवण्यात घालवले होते.

उघड्या पाठीचा हेडफोन खानदेशात वापरायचा तर ऋतूशी तडजोड करावी लागते. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा बंद हेडफोनखाली कान उकडून निघतात, जाळीचे त्या मानाने सुखाचे. पण दिवसभर घरात कूलर धडधडत असतो, आणि तो जाळीतून थेट बालगंधर्वांच्या शेजारी येऊन बसतो. म्हणून ऐकायचं ते रात्री, गच्चीवर, कूलरपासून दूर.

धुळ्यातल्या शेवटच्या रात्री आम्ही तसे गच्चीवर गाद्या टाकून पडलो होतो. दिवसा तापलेली जमीन आवाज वर वळवते आणि दूरचं काही कानी येत नाही. रात्री जमिनीलगतची हवा आधी निवते, मग तोच आवाज खाली वळतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ट्रकचे हॉर्न उशाशी आल्यासारखे वाजत होते. मी एचडी ६०० लावून तीच जुनी तबकडी ऐकत होतो. हॉर्नही ऐकू येत होते, पण गाण्यात नाही, गाण्याच्या मागे, कुठेतरी रंगमंचाच्या पलीकडे.

मग त्या गाण्यात एक दुसरा आवाज मिसळला. मला वाटलं तबकडीवरचाच, इतके दिवस न ऐकलेला कुणी साथीदार. अर्धा सूर खाली, पण ताल नेमका. मी डोळे उघडून पाहिलं. माझ्या जाळीतून सांडणारं पाठचं गाणं, ते उलटं, पातळ गाणं, शेजारच्या गादीवर आत्यापर्यंत पोचलं होतं. तिने ते ओळखलं होतं, आणि आभाळाकडे बघत ती बालगंधर्वांच्या मागोमाग हळूच म्हणत होती.